तीन पायांची शेळी

"पाय मोजा," सबिहा म्हणाली आणि तिने मोबाईल टेबलावर सरकवला.

कल्याणभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पडद्यावर सबिहाच्या चित्रकथेचं नववं पान होतं. विहिरीच्या काठावर शेळी उभी होती. तिला तीनच पाय होते.

छापलेल्या पुस्तकात शेळीला चार पाय होते. चुकीचं चित्र फक्त छपाईआधीच्या, एकाच बाजूला छापलेल्या कच्च्या प्रतीत होतं. तशा प्रती दोनच निघाल्या होत्या, नगरजवळच्या नागापुरातल्या कल्याणभाऊंच्या याच छापखान्यात. एकीवर सबिहाने लाल शाईने चुका दाखवून ती परत दिली होती. दुसरी तिच्याकडे राहिली होती. आणि आता अठरावं पान सोडून अख्खं पुस्तक मोबाईलवर फुकट फिरत होतं. त्यावर लाल शाईचा एकही ठिपका नव्हता. म्हणजे चोरी छापखान्यातल्या कॉम्प्युटरमधून झाली. पानांवरचे काळपट डाग माग लागू नये म्हणून मुद्दाम टाकलेले. सबिहाने सगळा हिशेब मनाशी पक्का बसवला होता.

दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले होते. फुकट मिळतंय ते विकत कोण घेणार? दुसऱ्या भागाची चित्रं अर्धी काढून तशीच पडली होती.

"तुमच्याकडची प्रत?" कल्याणभाऊंनी विचारलं.

"माझ्या घरात चोर राहत नाही, भाऊ."

त्यांनी मोबाईल उचलला, उलटा करून त्याची पाठ बघितली आणि खाली ठेवला. छापखान्यात उभी हयात गेलेली. हातात काहीही आलं की आधी मागची बाजू बघायची, ही त्यांची जुनी सवय. आज मात्र सबिहाला वाटलं, नजर चुकवतायत.

ज्याने पाठवलं त्याला विचारत विचारत ती आठ दिवसांत राजूरपर्यंत पोचली होती. तिथल्या कुणा आक्काबाईंनी ही पानं सगळ्यात आधी पाठवली होती.

"उद्या राजूरला जातेय," ती म्हणाली. "येता का?"

"येतो की."

इतक्या चटकन होकार कशाला? बाई यांच्याच ओळखीची असणार. सावरून घ्यायला येतायत.

एसटीत सबिहाने पिशवी मांडीवरून हलवली नाही. पिशवीत पुस्तकाची एक प्रत होती आणि पोलिसांत द्यायचा अर्ज होता. अर्जात कल्याणभाऊंचं नाव होतं. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा त्यांना फोन आला. ते उतरून लांब कडेला जाऊन बोलले. येताना तिच्यासाठी चहा आणला. तिने तो हातात धरला आणि गाडी सुटताना खिडकीतून ओतून दिला. त्यांनी ते बघितलं.

आक्काबाईंचं घर राजूरच्या बाजारामागे होतं. सत्तरीला टेकलेली म्हातारी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"चित्रांची पानं मोबाईलवर तुम्ही टाकलीत?" सबिहाने उभ्या उभ्याच विचारलं.

"व्हय, मीच," म्हातारी खुशीत म्हणाली. "निकितानं फोटू काढलं, माझ्या नातीनं. आमच्या बायांच्या वर्गाला पाठिवलं. आमी औंदा अक्षरं शिकलो ना."

तिने आतून बिस्किटाचा डबा आणला आणि एकेक कागद मांडीवर काढला. प्रत्येक कागदाला पुडीच्या घड्या होत्या आणि तेलाचे डाग होते. मोबाईलवर दिसले तेच डाग.

"तिखट दाण्यांच्या पुड्या हायेत ह्या, बाई. एकीत पयलं पान घावलं. वाचलं. पुढं काय झालं कळंना. हितं पुस्तकाचं दुकान न्हाई. मग दर बाजाराला दाणे घेत ऱ्हायले. चार म्हैनं." ती हसली. तोंडात एकही दात नव्हता. "दाणे नातीनं खाल्लं."

सबिहा खाली टेकली.

"अठरावं पान तेवढं न्हाई घावलं," आक्काबाई म्हणाल्या. "शेळी हिरीतनं निघाली कशी, कुणालाच ठाव न्हाई. वर्गातली मालन म्हनती उडी मारून आली. म्या म्हनलं, तीन पायांवर कशी मारंल गं?"

सबिहाने पिशवीत हात घातला. अर्ज बाजूला सारून पुस्तक काढलं, अठरावं पान उघडलं आणि म्हातारीपुढे ठेवलं. आक्काबाई अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या. ओठ हलत होते. कोण आलंय, कशाला आलंय, याचं त्यांना भान उरलं नाही.

"दाणेवाला रद्दी कुठून आणतो, आजी?"

"नगरहून. मालाबरुबर," म्हातारी मान वर न करता म्हणाली.

सबिहा कल्याणभाऊंकडे वळली. "कळलं, भाऊ. तुम्ही फाईल विकली नाहीत. तुमच्या छापखान्याने आणखी एक प्रत काढली आणि माझी दोन वर्षांची मेहनत रद्दीत घातली. कबूल तरी करायचं होतं."

कल्याणभाऊंनी डब्यातला शेवटचा कागद उचलला होता आणि सवयीने उलटा केला होता. मग वाकून त्यांनी तो कागद, पाठ वर करून, सबिहाच्या हातात दिला.

मागे लाल शाईत, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'रविवारी रद्दीवाला. दिवाणाखालचा सगळा गठ्ठा देऊन टाकणे.'