साखरपुड्याआधी एक चक्कर

"लायसन्स द्या साहेब, फोटो काढून घेतो," शोरूमचा अक्षय म्हणाला.

साकेतनं पाकिटातून लायसन्स काढून दिलं. मेधाकडे अक्षयनं मागितलंच नाही. भीमरावांना तेच बरं वाटलं. उद्या पोरीचा साखरपुडा. आज तिनं मुकाट मागं बसावं, म्हणजे झालं.

गाडी कसली, चाकांवरचा बंगलाच की! कातडी सीटा, छताला काच, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, शिवाय रानावनात कुठंही चढणारी. "आम्हाला काहीच नको," असं साकेतच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. "फक्त मुलीला शोभेल अशी एक गाडी दारात असू दे." कुठली शोभेल, ते मग साकेतनंच सांगितलं. त्या गाडीपायी भीमराव हुबळीच्या बाजारातलं आपलं दुसरं कापडदुकान विकायला निघाले होते. बेलूरच्या कारखान्यात अधिकारी असलेला जावई काय वाटेवर पडलाय?

मागं एकदा मेधा म्हणाली होती, "आप्पा, मला हा मुलगा नको."

"का नको? चार माणसांत सांगता येईल असं एक कारण दे की!"

 तेव्हापासून भीमरावांना एकच धास्ती. पोरगी ऐनवेळी काही बोलून बसली, तर बाजारात तोंड कुठं दाखवायचं?

साकेत गाडी झोकात हाकत होता. उणकलच्या तळ्यापाशी गर्दीत वेग कमी झाला आणि इंजिनाचा आवाज एकाएकी थांबला. भीमराव दचकले. "अरे, बंद पडली की काय!"

"नाही अण्णा, बॅटरीवर गेली," पुढं बसलेला अक्षय मागं वळून म्हणाला. "गरज लागली की इंजिन आपसूक सुरू होतंय."

"ठाऊक आहे रे," साकेत म्हणाला. त्याचं सगळं लक्ष गाणी लावण्यात होतं.

नवनगर मागं पडल्यावर अक्षयनं गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवायला लावली. पुढं मुरमाची जुनी खाण होती. खड्डे, ओघळी, दगडगोटे, सगळं काही. साकेतनं दोन-चार खड्डे पार केले, पण खाणीचा उतार समोर आला आणि त्यानं कचकन ब्रेक दाबला. उतार कसला, कडाच तो!

"मी उतरवू?" मेधानं विचारलं.

भीमराव खेकसले, "गप बस. तुला काय कळतंय त्यातलं!"

साकेत मात्र हसला. उतरायचं त्याच्यावरचं टळलं होतं. "चालवू दे हो मामा. तिलाही वाटू दे, गाडी तिची आहे म्हणून."

अक्षय हातानं वाट दाखवायला खाणीच्या तळाशी जाऊन उभा राहिला. भीमराव कंबरदुखीचं निमित्त सांगून वरच उतरले. साकेत शेजारच्या सीटवर सरकला. मेधा स्टिअरिंगवर बसली, तिनं दारावरचं दोन नंबरचं बटण दाबलं, तशी सीट आपोआप पुढं सरकली, थोडी वर उचलली, आरसेसुद्धा हलले. काय एकेक सोयी! माणसाचं मापही ओळखते की ही!

गाडी नाकावर झुकली. एक मागचं चाक क्षणभर हवेत उचललं गेलं. इंजिनाचा आवाज थांबला आणि उघड्या काचेतून मेधाची किंकाळी आली.

"साकेत, बंद पडली! ब्रेक लागत नाही!"

डावं दार उघडलं. साकेतनं उडी टाकली आणि तो गडगडत झुडपात जाऊन पडला. गाडी मेधाला घेऊन खाली चालली.

"मारुतीराया, माझं लेकरू!" भीमराव ओरडले. कंबर विसरून ते उतारावरून घसरत धावले.

गाडी खालून कर्रकर्र आवाज करत, थबकत थबकत उतरली आणि अक्षयसमोर येऊन उभी राहिली. मेधा बाहेर आली. 

"मी बरी आहे, आप्पा."

भीमरावांनी तिला छातीशी धरलं. त्यांना रडू आवरेना. साकेत ढोपर चोळत आला, तो थेट गाडीकडे. तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "एक ओरखडा नाही! दणकट आहे हं मामा. पांढरीच सांगा." मग त्याला काहीतरी आठवलं. "मी... मदत आणायला उतरलो होतो."

त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं.

"साकेतराव, उद्या येऊ नका," भीमराव म्हणाले. "साखरपुडा मोडला."

"अहो, असं एकदम? कारण काय?"

"आहे एक. चार माणसांत सांगता येईल असं आहे."

साकेत तणतणत, वडिलांना फोन लावत, लंगडत वर रस्त्याकडे निघून गेला. भीमरावांनी मेधाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चुकलो बाई. तू सांगत होतीस तेव्हा ऐकलं नाही," ते म्हणाले. "मारुतीरायानंच आज ब्रेक लागू दिला नाही बघ, त्या पोराचं पाणी दाखवायला. आत्ताच्या आत्ता नुग्गीकेरीला त्याच्या देवळात जाऊन नारळ फोडू."

"हो आप्पा," मेधा खाली मान घालून म्हणाली.

तेवढ्यात अक्षय डिकीतून पाण्याची बाटली घेऊन आला. वरचा ओरडाआरडा गाडीच्या कर्रकर्रीत त्याला तळाशी ऐकू गेला नव्हता; साकेत घाबरून उतरला, एवढंच त्यानं पाहिलं होतं. त्याचा चेहरा कौतुकानं फुलला होता.

"झकास, मॅडम! उतारावर गाडी आपसूक ब्रेक धरते म्हणून सांगूनही काल सारखा ब्रेकवर पाय जात होता तुमचा, आज एकदाही गेला नाही."