न येणारं काम

“तुमच्या रक्तातच असतं हो ते,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि बकऱ्याचं कातडं त्यांनी काठीनं अंबादासपुढे सरकवलं.

मुलुंडच्या शाळेच्या पटांगणात आदिम कला-कौशल्यांचा मेळावा भरला होता. एकीकडे गारगोटीनं विस्तव पाडणं चाललं होतं, दुसरीकडे चाकाशिवाय मडकी घडत होती. गोफणीपाशी तर पोरांची ही झुंबड. फक्त कातडं साफ करून दाखवणारा माणूस काही उगवला नव्हता. प्रमुख पाहुणे यायची वेळ झाली होती आणि त्या मांडवात नुसतंच कातडं पडलं होतं. शाळेच्या कार्यवाह म्हणून सगळा मेळावा बाईंच्या अंगावर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना अंबादास दिसला.

अंबादास कारखान्यात फिटर. मेळाव्यात स्वयंसेवक. पाळी संपली की तो थेट इथे यायचा. बांबू रोवले त्यानं, दिव्यांच्या तारा ओढल्या त्यानं, खड्डेही त्यानंच बुजवले. हौस नव्हती हो एवढी. त्याच्या जयाला याच शाळेत पहिलीला घालायचं होतं. बाईंकडे विषय काढला की त्या गोड हसून “बघू” म्हणायच्या. त्या “बघू”चं लवकर “हो” व्हावं म्हणून माणूस राबत होता.

“मला नाही येत ते, बाई,” अंबादास म्हणाला.

“काहीतरीच तुमचं. तुमच्यात लहानपणापासून करतात.”

आता या बाईला काय सांगणार? अंबादासचा बाप भिकाजी एके काळी गावची मेलेली जनावरं ओढायचा, सोलायचा. एक दिवस त्यानं ते काम सोडलं. पुन्हा हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली. गावानं पाणी तोडलं, किराणा तोडला, शेवटी झोपडं पेटवलं. भिकाजी बायको आणि कडेवरचा अंबादास घेऊन मुंबईला आला आणि कारखान्यात झाडू मारायला लागला. पुढे छप्पन साली सगळ्यांबरोबर त्यानंही दीक्षा घेतली. ते काम कसं करतात हे त्यानं पोराला कधी सांगितलंसुद्धा नाही.

“जयाचं मी आज अध्यक्षांशी बोलणारच आहे,” बाई सहज म्हणाल्या. “तेवढी आमची लाज राखा. आणि शर्ट काढा बरं. तो बिल्लाही. आदिमानवाच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला बरा दिसतो का?”

अंबादासनं शर्ट काढला. ओंडक्यावर कातडं पसरलं, बाईंनी दिलेला धारदार दगड घेतला आणि खरवडायला लागला. नाकात घाण बसली. हाताला चरबीचा चिकटा आला. बघ्यांनी नाकाला रुमाल लावले, पण हललं मात्र कोणी नाही. कर्ण्यावर बाई सांगत होत्या, की पिढ्यान् पिढ्या जपलेलं हे कसब आहे. तेवढ्यात दगड घसरला आणि कातडं टरकन फाटलं. माणसं हसली.

हसणाऱ्यांच्या मागे भिकाजी उभा होता. पोरगा मेळाव्यात बिल्ला लावून हिंडतोय हे बघायला तो इस्त्रीचा शर्ट घालून, जयाला हाताशी धरून आला होता.

अंबादासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बाप चारचौघांत कानफटात मारणार, असंच त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. भिकाजीनं जयाचा हात त्याच्या हातात दिला आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

“ऊठ,” तो म्हणाला.

“बाबा, जयाच्या शाळेसाठी बसलो.”

“कळलं मला. तुला हे येत न्हाई, जन्मात तेवढंच कमावलंय म्या. ऊठ.”

अंबादास उठला. भिकाजी बसला. त्यानं कातडं झटकलं, उलटं टाकलं आणि खालून वर हात चालवायला सुरुवात केली. एवढ्या वर्षांनी हात विसरले असतील म्हणावं, तर कुठले विसरतायत. लोक पुढे सरसावले. पाहुणे आले, थांबले, टाळ्या वाजल्या. भिकाजीनं एकदाही मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून कातड्यावर गळत होतं. बघणाऱ्यांना वाटलं, घाम.

पाहुणे पुढे गेले तशा रत्नप्रभाबाई लगबगीनं अंबादासकडे आल्या. चेहरा नुसता फुलला होता.

“अध्यक्षांशी बोलले. जयाचा प्रवेश पक्का!” त्यांनी जयाच्या गालाला हात लावला. “आणि पुढच्या वर्षी हिलाही बसवू हं आजोबांशेजारी. लहान मुलीनं केलं की लोकांना फार आवडतं.”

जया मान वाकडी करून आजोबांच्या हातांकडे बघत होती. अंबादासनं तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

“मग प्रवेश नको, बाई.”

रत्नप्रभाबाईंना काही कळेना. त्यांनी अंबादासकडे पाहिलं, मग खाली मान घालून खरवडणाऱ्या भिकाजीकडे पाहिलं.

“अहो, मग म्हाताऱ्या बापाला बसवलंत कशाला?”