पोटावरची खूण

मूत्राशय काढायच्या आदल्या दिवशी नर्स मोरिवाकी पेन घेऊन आली. लघवीची पिशवी जिथे लागणार, तिथे मासानोबुंच्या पोटावर खूण करायची होती. तिने त्यांना उभं केलं, वाकवलं, गुडघे मोडून बसवलं.

"सेन्सेई, खाली खूण केली तर ओबी बांधता येईल. पण पोटाच्या घडीआड ती जागा तुम्हाला दिसणार नाही, पिशवी दुसऱ्या कुणाला तरी बदलावी लागेल. वर केली तर तुमची तुम्हाला बदलता येईल, पण मग ओबी विसरा."

बावन्न वर्षं किमोनोवर ओबीचा रुंद कमरपट्टा कसूनच ते नोह नाटकांच्या मंचावर गायला बसले होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांची मुलगी फुमिए म्हणाली, "खालीच करा. मी बदलत जाईन. आईचं नऊ वर्षं मीच तर केलं."

"म्हणून तर," मासानोबु म्हणाले आणि नर्सचा हात धरून त्यांनी पेन वर सरकवलं. "तशीही माझ्या गाण्याने लोकांना झोपच येते."

फुमिएने 'नको, खालीच' म्हणायला हवं होतं. तिने खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.