महिन्याची गोळी आणि राजाची शिकार

महिनाभर पोटात बसून रोज थोडं थोडं औषध सोडणारी लघवीची गोळी शेवंतीने अडकित्त्याने मधोमध कातरली. "अख्खी तुमका उष्ण पडता," म्हणत तिने अर्धी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

तिचा नवरा तातू धुरी दशावतारातला राजा. त्याचे पाय सुजलेले, म्हणून डॉक्टरांनी ही गोळी दिलेली, आणि कंपनीच्या मालकाने बजावलं होतं, आजच्या खेळात युद्धावेळी पाय अडखळले तर मुकुट प्रधानाचं काम करणाऱ्या विलासला.

गोळीचं कवचच फुटलेलं. पंधरा दिवसांचं औषध पहिल्याच प्रवेशात अंगात उतरलं. बरं तर बरं, दशावतारात संवाद जागेवरच रचतात.

"प्रधानजी, राज्य सांभाळा, आम्ही शिकारीस जातो!" म्हणत राजा माडांमागे धावला. परतला, टेकला, पुन्हा निघाला.

"महाराज, रानात जनावर उरलंय तरी का?" विलासने विचारलं. लोक हसून लोळले. राजाच्या पुढच्या शिकारीत विलासने सिंहासनच बळकावलं.

तातू परतला तो घसा कोरडा, डोळे खोल. पण सूज पार ओसरलेली. तरणाताठा असल्यासारखा तो युद्ध नाचला. मुकुट राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कडाडल्या, "मेला असतात! कवच फुटलं की ती गोळी हळू विरघळत नाही!"

बाहेर येऊन तातूने शेवंतीला विचारलं, "दुसरी अर्धी खंय गो?"

"ती सकाळीच विलास मागान घेवन गेलो. आज तुमच्यापेक्षा बरो नाचतलो म्हणता."

तातू ओरडला, "अगो, पण प्रधानाक शिकार खंय असता?"