गाळातली तलवार

"मालक, तुमच्याकडं मेंढीचं डोस्कं कोरलेली तलवार हाय म्हणं. मला बघायचीय."

काकासाहेबांनी दार अर्धंच उघडलं होतं. बाहेर पन्नाशीची एक धनगर बाई उभी होती. खांद्यावर घोंगडी, वहाणांवर वाटेची धूळ.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या पिशोरच्या मास्तरनं. दसऱ्याला तुम्ही तलवारी मांडल्या व्हत्या, तवा त्यो आला व्हता. मी म्हाळसाबाई."

काकासाहेब पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क होते. आठवडाभर फायली आणि रविवारी सकाळी तलवारी. आताही त्यांच्या खांद्यावर मलमलीचं फडकं होतं आणि हाताला तेल. मागे सतरंजीवर नऊ तलवारी ओळीनं ठेवलेल्या होत्या. परवाना सातांचा होता.

वच्छलाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोलिसांनी पाठवली असेल. दाखवू नका."

काकासाहेबांनाही तेच वाटत होतं. नाहीतर मग ही तलवार मागायला आली असणार. मागच्या वर्षी असाच एक जण 'आमच्या आज्याची तलवार' म्हणत पंधरा दिवस खेटे घालत होता.

"तशी तलवार कुठल्याही गढीत मिळते," ते म्हणाले. "तुमचा काय संबंध?"

"माझ्या नवऱ्याची हाय. बिरूची. मेंढी त्यानंच खिळ्यानं कोरली व्हती, मुठीजवळ."

"मास्तरांनी ते पाहिलंच होतं. त्यांनी सांगितलं, तुम्ही सांगताय."

बाईला राग आला नाही.

"मुठीची आडवी पट्टी तुटली व्हती. तिला तांब्याची तार गुंडाळली व्हती, सात येढे. ती तार मास्तरनं न्हाय पाहिली."

ती तार दसऱ्याच्या कितीतरी आधी काकासाहेबांनी स्वतः काढली होती. मुठीला नवी पट्टी बसवताना सोडवली आणि कागदाच्या पुडीत घालून ठेवली. घरात कुणालाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

त्यांनी दार पूर्ण उघडलं.

म्हाळसाबाई सतरंजीच्या कडेला बसली. काकासाहेबांनी कोपऱ्यातली तलवार उचलून तिच्यापुढे ठेवली. दोन महिने विटेची भुकटी आणि तेल घासून त्यांनी तिचा गंज उतरवला होता. पातं आरशासारखं झालं होतं. बाईनं मुठीजवळच्या त्या वेड्यावाकड्या मेंढीवर बोट ठेवलं. बराच वेळ बोट तिथंच होतं.

"घेऊन जायचीय का?" काकासाहेबांनी विचारलं. आवाजात अजून थोडी अढी होती.

"न्हाय. ही कुठं घावली तेवढं सांगा."

हे मात्र त्यांना अपेक्षित नव्हतं. "कशासाठी?"

"रझाकारांच्या वक्ताला बिरू ही तलवार घेऊन गावाची राखण करायचा. एक दिस गेला तो आलाच न्हाय. दीर म्हणला, रझाकारांनी नेला. गावानं बी तेच धरलं." तिनं पदर सारखा केला. "पर पुलिस ॲक्शन होऊन तवा दोन हप्ते झाले व्हते, मालक. रझाकार कवाच पळाले व्हते. मग नेला कुणी?"

वच्छलाबाई दाराशीच खाली बसल्या.

काकासाहेबांनी कपाटातून वही काढली. कुठली तलवार कुठून आली हे ते तारखेनिशी लिहून ठेवत. लोकांना ते ही तलवार गढीत सापडल्याचं सांगत, कारण ते ऐकायला बरं वाटे. वहीत खरं होतं. विहिरींचा गाळ काढणाऱ्या सांडूनं ती गेल्या उन्हाळ्यात आणून दिली होती. जागाही त्यानंच सांगितली होती आणि त्यांनी ती लिहून घेतली होती. नाव समोर होतं. वाचायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बाईला वाचता येत नव्हतं. ती वहीकडे पाहत नव्हती, त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"पिशोर," त्यांनी वाचलं. "सोनाजीच्या मळ्यातली जुनी विहीर. तळातून."

म्हाळसाबाईनं मान खाली घातली. रडली नाही.

"सोनाजी माझा दीर," ती म्हणाली. "बिरू गेला त्याच साली ती हीर त्यानं सोडली. पानी खारं झालं म्हणला. पोहरा सुदिक टाकू देत नव्हता कुणाला. आवंदा लगनात पोरीला ती जमीन दिली अन् जावयानं गाळ काढायला लावला."

"सांडूला विचारलं पाहिजे," काकासाहेब पुटपुटले. "तळातून आणखी काय निघालं ते."

"विचारू. आधी फौजदाराकडं जायचंय मला. माझं एकटीचं कोन ऐकंल? तुमी लिहिलेलं हाय."

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सतरंजीवरच्या नऊ तलवारींकडे पाहिलं. मग उठून त्यांनी आतून एक जुनं धोतर आणलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. काकासाहेबांनी तलवार त्यात गुंडाळली. तारेची पुडी आणि वही पिशवीत टाकली. टोपी घातली.

फौजदाराचं ठाणं कन्नडला होतं. एसटी स्टँडवर तिकडची गाडी लागायला अवकाश होता. दोघं बाकावर बसली. धोतरात गुंडाळलेली तलवार मध्ये होती. येणारे-जाणारे त्या लांब बोचक्याकडे वळून पाहत होते.

"सोळा वर्षं झाली," काकासाहेब म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणाला बोलला नाहीत?"

"बोलले की. पाटलाला बोलले, भावकीला बोलले. सोनाजीच्या घरचं पानी बी पेले न्हाय कंदी." म्हाळसाबाई समोरच्या रिकाम्या फलाटाकडे पाहत होती. "समदे म्हनले, बाई वहिमी हाय, उगा संशय घेती."