मधला फोटो

एवढी माणसं कॅमेऱ्यापुढे उभी केली की एखाद्याचे डोळे मिटणारच, म्हणून मी एका दाबात लागोपाठ तीन फोटो घेतो. पुढे खुर्च्यांवर आजोबा आणि आजी, मागे त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजातली नात. "हसा की जरा, कुणी मेलंय का?" मी म्हटलं. नात सोडून सगळे हसले. "तुला वेगळं आमंत्रण हवंय का?" बाप गुरगुरला. "काल तुम्हीच जबडा सुजवलात, कशी हसू?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी त्याने तिच्या कानाखाली ठेवून दिली. ओठ फुटून रक्त तिच्या पांढऱ्या कॉलरवर उतरलं. तरी फोटो बघायला सगळे कॉम्प्युटरभोवती जमले, नात तोंडावर रुमाल दाबून. मधल्या फोटोत बापाचा पंजा पोरीच्या गालावर, सुनेने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकलेलं, आणि पुढे बसलेल्या आजीने, मागे वळूनही न बघता, मान खांद्यांत ओढून घेतलेली. आजोबा तेवढे माझ्याकडे बघून झकास हसत होते. "तो पुसा, पहिला मोठा करून द्या," मुलगा म्हणाला. "मधलाच करा," आजी म्हणाली, "पहिल्यात आमचं घर ओळखू येत नाही." "आई!" त्याचा हात तिच्यावर उठला. या वेळी तिची मान जागची हलली नाही. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "बघताय काय? काढा."