व्हिसाचं भजन

"आय हॅव अ सन होऽऽ," अच्युत सरांनी खंजिरीवर थाप मारली.

"आय हॅव अ सन होऽऽ," वर्गाने मागून सूर धरला.

"ही इज इन अमेरिका!"

"ही इज इन अमेरिका!"

मुलगा खरोखर अमेरिकेत असलेली वर्गात एकच होती, देवकाबाई. बाकीच्यांची लग्नंही व्हायची होती. पण भजनात असली चौकशी कुणी करत नाही. नर्सिंगच्या पोरी, हॉटेलात लागू पाहणारी रोशनी, सगळ्यांनी आपापला मुलगा अमेरिकेला धाडला आणि टाळ्या वाजवल्या.

सिंदी मेघे गावातल्या पिठाच्या चक्कीवरच्या खोलीत हा इंग्रजीचा क्लास चालायचा. सर मूळचे केळझरच्या भजनी मंडळातले. माणूस इंग्रजी बोलताना अडखळतो, गाताना अडखळत नाही, हे त्यांचं शास्त्र. आणि ते खरंही होतं. 'गुड मॉर्निंग' म्हणताना घाम फुटणारी पोरगी चालीवर आपलं अख्खं शिक्षण सांगून मोकळी व्हायची. फक्त शेवटी 'हो' लावायची. एकीने नागपूरच्या इंटरव्ह्यूतही तो 'हो' लावला. तिला नोकरी लागली. ती 'हो'मुळे लागली की 'हो' असूनही लागली, यावर क्लासात दोन तट होते.

देवकाबाईची व्हिसाची मुलाखत मुंबईला, अमेरिकेच्या वकिलातीत होती. सून समीक्षाला दिवस गेले होते. "तिथं बाळ सांभाळायला बाई ठेवणं परवडत नाई, आई," धनंजय फोनवर म्हणाला होता. "अन् तू इथं एकटी. मले झोप नाई लागत. येशील ना?"

"हो," देवकाबाई म्हणाली होती. तो लहान असल्यापासून ती त्याला हेच म्हणत आली होती.

मग सगळं भराभर झालं. घराला भाडेकरू मिळाला. कूलर शेजारच्या छायाकडे गेला.

"आता मज्जा हाय तुमची, काकू," कूलर उचलता उचलता छाया म्हणाली. "इमानात बसून राह्यल्या. आनंद नाई झाला काय?"

"झाला असल," देवकाबाई म्हणाली. कूलर हलल्यावर खालची धूळ दिसली. ती झाडून तिने भात टाकला.

खरं तर क्लासची गरज नव्हती, असं गल्लीचं मत होतं. गल्लीतल्या प्रभाकररावांचं उदाहरण ताजं होतं. ते वकिलातीच्या खिडकीपुढे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. साहेबाने मुलाचे कागद पाहिले, प्रभाकररावांकडे पाहिलं आणि व्हिसा देऊन टाकला. प्रभाकरराव आता तिकडे नातवाला शाळेत सोडतात आणि आणतात. फोनवरही फारसे बोलत नाहीत.

ही गोष्ट ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी देवकाबाई चक्कीचा जिना चढली.

"आपल्याले बोलता आलं पाह्यजे, सर," ती म्हणाली. "मुकं राहून नाई भागत."

सरांना गहिवरून आलं. अशी विद्यार्थिनी त्यांना भेटली नव्हती. महिन्याभरात ती कडव्यांच्या पुढे गेली. शब्द इकडचे तिकडे करून स्वतःची वाक्यं जुळवायला लागली. सर ती चालीत बसवून द्यायचे.

एकदा क्लास सुटल्यावर ती मागे थांबली.

"सर, तो साहेब नाई कवा म्हणते?"

"अपशकुनी कायले बोलता, मावशी? पोराचे कागद एवढे दणदणीत. तो नाई म्हणतच नाई."

"तरी?"

"अवो, तुम्ही घाबरू नका फक्त. मनात खंजिरी वाजवा अन् टाचेनं ताल धरा. बाकी कागद पाहून घेतात."

"कागदाचीच भीती वाटते मले," देवकाबाई म्हणाली.

सर हसले. ती हसली नाही, पण ती तशी कधीच हसायची नाही.

धनंजय मुद्दाम अमेरिकेहून आला. मुंबईत टॅक्सीत त्याने तिची उजळणी घेतली. व्हाय आर यू गोइंग? हाऊ लाँग? कम बॅक? तिने सगळं सांगितलं, एकाही 'हो'शिवाय. धनंजयने टॅक्सीवाल्याकडे अभिमानाने पाहिलं. टॅक्सीवाल्याने आरशातून मान डोलावली.

"आई, तू तर माझ्यापेक्षा झकास बोलून राह्यली."

देवकाबाईने त्याच्या केसांवरून हात फिरवला. केस विरळ झाले होते. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

आत फक्त तिलाच सोडलं. धनंजय फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर थांबला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत अंगठा वर करून उभा राहिला.

खिडकीमागे एक तरुण गोरा साहेब होता. त्याने धनंजयचे कागद चाळले. कागद पाहून त्याचा चेहरा खुलला.

"नमस्कार, देवकाबाई," तो म्हणाला. "आपण मराठीत बोलू शकता. मला मराठी येते."

एवढे दिवस देवकाबाई चक्कीचा जिना चढली होती, गुडघे दुखेपर्यंत.

"नो, सर," ती म्हणाली. "मराठीत नाई जमत. इंग्लिश."

साहेबाला मौज वाटली, पण त्याने आपलं मराठी सोडलं नाही. "ओके. मुलाकडे चाललात. नात होणार की नातू?" एवढं विचारून त्याने शिक्का जवळ ओढला. "बाकी सगळं ठीक आहे. आणखी काही सांगायचं आहे?"

देवकाबाईची टाच जमिनीवर हळूहळू ताल धरू लागली. ती काचेच्या अगदी जवळ सरकली.

"सर, माय सन इज अ गुड बॉय," ती म्हणाली. आवाज सपाट होता, एक अक्षरही अडखळलं नाही. "आय कॅनॉट से नो टू हिम. प्लीज सर, यू से नो."